न पळालेल्या घोड्याची रेघ

घोड्यांच्या शर्यतीत नशीब असतं असं म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. घोडा कुणाच्या हाताखाली तयार होतो, किती दिवसांनी मैदानात उतरतो, कोणत्या पल्ल्याला उतरतो, हे बघायचा कंटाळा आला की माणूस कपाळावर हात मारतो आणि त्यालाच नशीब म्हणतो. माझ्या ऑफिसात अशी चार माणसं होती आणि ती दर सोमवारी कपाळावर हात मारत. मी त्यांच्यापेक्षा फार हुशार होतो. किती हुशार होतो तेच सांगायला बसलो आहे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्ह्याचं बस्तान बसतं न बसतं तोच पावसानं पाठ फिरवली. दुकानदारांनी पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून 'जि. लातूर' असं रंगवून घेतलं, आणि पाटी ओली होती तोवर नळ कोरडे पडले. पण अभिमान असा की विचारू नका. पाण्याच्या रांगेत उभा असलेला माणूससुद्धा 'आता आपण जिल्ह्याचे' म्हणून मागच्याला सांगायचा.

हा नवा जिल्हा चालवायला जी लहानमोठी ऑफिसं घाईघाईनं उभी राहिली, त्यातलं एक आमचं. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथले काही लोक अजून पेन्शन खातात आणि मीही त्यांतलाच एक आहे. आमचं काम टंचाईचे तक्ते करायचं. कोणत्या गावची विहीर आटली, कुठं टँकर पाहिजे, हे तालुक्याहून कागदावर यायचं. आम्ही त्याचा गोषवारा करून दर पंधरा दिवसांनी वर पाठवायचो आणि त्या गोषवाऱ्यावरून टँकर सुटायचे. ऑफिसला इमारत नव्हती. गंजगोलाईच्या बाजारपेठेमागं एका आडत्याचं डाळीचं गोदाम भाड्यानं घेतलं होतं. टेबलं हलवली की खालून तुरीचे दाणे निघायचे. मालक आमच्यासारखाच लिंगायत, कपाळाला विभूतीचे पट्टे, सकाळी दाराबाहेर रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर येऊन बसायचा आणि आम्हा सरकारी माणसांकडं बघत राहायचा. डाळ होती तवा इथं निदान उंदरं तरी कामाला येत व्हती, असं तो एकदा आमच्या शिपायाला म्हणाला होता. आम्हाला ते ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाला होता.

आमचा अव्वल कारकून नांदेडहून बदलून आलेला. येताना त्यानं एक पितळी पानाचा डबा आणि घोड्यांचा नाद असं दोनच सामान आणलं. नांदेडला स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात हैदराबादच्या शर्यतीचं पुस्तक रेल्वेनं यायचं. कोणता घोडा, कोणता ट्रेनर, कोणता जॉकी, मागच्या खेपेला कितवा आला, सगळं त्यात छापलेलं. हॉटेलातली मंडळी चहावर चहा पीत घोडे निवडायची आणि त्यांचा एक माणूस शनिवारच्या गाडीनं हैदराबादला पैसे लावायला जायचा. अव्वल कारकुनानं लातूरला आल्यावर एवढीच सोय केली की त्या पुस्तकाची एक प्रत शुक्रवारी सकाळच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती यायची, आणि आमची निवड त्याच दिवशी चारच्या गाडीनं त्याच कंडक्टरबरोबर नांदेडला जायची. सरकारी टपालाला आठ-आठ दिवस लागायचे. घोड्यांचं टपाल मात्र एकदाही चुकलं नाही.

हा मनुष्य घोडे कसे निवडायचा ते सांगितलं तर माझा तिरस्कार कुणालाही पटेल. बायकोचा उपास ज्या देवाचा, त्या देवाच्या रंगाची टोपी घातलेला जॉकी. स्वप्नात पाणी दिसलं तर नावात गंगा किंवा यमुना असलेली घोडी. एकदा पुस्तक उघडताना पाल चुकचुकली, तर ज्या ओळीवर त्याचं बोट होतं तो घोडा. तो घोडा शेवटून दुसरा आला. तेव्हा हा म्हणाला की पाल डावीकडून चुकचुकली होती, ते आपल्या ध्यानात आलं नाही. बाकीचे तिघं त्याच्या हाताखालचे, म्हणून माना डोलवायचे. साहेबाच्या पालीवर विश्वास ठेवायला बुद्धी लागत नाही, नोकरी लागते.

मी बी.ए.ला संख्याशास्त्र घेतलं होतं. मुखेडसारख्या गावातून येऊन तो विषय घेणारा बहुधा मी पहिलाच, आणि या गोष्टीचा मला केवढा ताठा होता ते आज आठवलं तरी लाज वाटते. मी आधी नुसता बघत राहिलो. मग एका शनिवार-रविवारी नांदेडला जाऊन त्या हॉटेलात बसलो. तिथले तज्ज्ञ पाहून तर हसूच आलं. एकजण म्हणे जॉकीच्या डोळ्यांवरून सांगतो. हैदराबाद त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मला तिथं कामाची एकच गोष्ट सापडली. जुन्या पुस्तकांची पानं हॉटेलवाला भजी बांधायला वापरायचा. उरलेली सगळी रद्दी मी मागून घेतली आणि पिशवी भरून लातूरला आणली. कित्येक पानं तेलानं पारदर्शक झाली होती, तरी अक्षर लागत होतं.

नव्या जिल्ह्याला अजून छापील फॉर्म आले नव्हते. जुन्या जिल्ह्याच्या टंचाई फॉर्मचे गठ्ठे आले होते. त्यावरचं नाव शाईनं खोडायचं, वर लातूर लिहायचं आणि भरायचं, अशी पद्धत. त्यांची पाठ कोरी असायची. मी एक गठ्ठा उचलला, मालकाकडून पोती शिवायचं दाभण आणि सुतळी मागून घेतली, आणि एक वही शिवली. तिच्यात मी घोडे लिहिले नाहीत. ट्रेनर लिहिले.

हे कुणाला सुचलं नव्हतं. घोडा दोन वर्षांत म्हातारा होतो, जॉकी पडतो, मालक बदलतो. ट्रेनरची खोड मात्र जात नाही. सुंभ जळला तरी पीळ राहतो. एक ट्रेनर विश्रांतीनंतर घोडा उतरवला की पहिल्या खेपेला त्याला नुसते पाय मोकळे करायला पळवायचा. लोक भरवसा ठेवून बुडायचे, शिव्या घालून दुसरीकडं जायचे, आणि दुसऱ्या खेपेला तोच घोडा जिंकायचा. दुसरा एक ट्रेनर लांब पल्ल्याला पटाईत, पण आखूड पल्ल्याला त्याचा घोडा धावेपर्यंत शर्यत संपलेली असायची. तिसऱ्यानं जॉकी बदलला की समजावं, आज मनावर घेतलंय. मी प्रत्येकाचं एक पान केलं आणि प्रत्येक पानावर रकाने आखले. नवा घोडा, विश्रांतीनंतरचा घोडा, जॉकी बदललेला घोडा, लांब पल्ला, आखूड पल्ला. किती वेळा उतरवला आणि किती वेळा जिंकला. दोन महिने हेच करत होतो. ऑफिसात करत होतो, आणि करताना मी वही उलटी धरली की बघणाऱ्याला दुष्काळाचा फॉर्म दिसायचा.

अव्वल कारकुनाशी माझी खडाजंगी झाली ती एका रिकाम्या रकान्यावरून. मैसूरकडचा एक म्हातारा ट्रेनर होता. त्याच्या तबेल्यात खोकल्याची साथ आली म्हणून त्या हंगामात त्याचा एकही घोडा मैदानात आला नव्हता. त्याच्या पानावर या हंगामाच्या रकान्यात मी आडवी रेघ ओढली होती. अव्वल कारकुनानं पान बघितलं आणि म्हणाला, इथं शून्य टाक, म्हातारा कामातून गेला. मी म्हणालो, नाही टाकणार. घोडा पळाला आणि हरला तर शून्य. पळालाच नाही तर तो हरला असं म्हणता येत नाही, आपल्याला त्याच्याबद्दल माहिती नाही एवढंच म्हणता येतं. रिकाम्या जागी शून्य टाकणं म्हणजे शुद्ध खोटं लिहिणं. हे मी मोठ्या आवाजात, बाकीच्या तिघांसमोर, उभा राहून सांगितलं. तो पानाचा डबा मिटत म्हणाला, घोडामैदान जवळच आहे, बघू की. मला त्या दिवशी झोप चांगली लागली. एका अडाण्याला गप्प केल्याचं समाधान फार गाढ असतं.

आता अक्काबद्दल सांगायला पाहिजे, कारण घोड्यांचं काय, ते येतील तेव्हा येतील. अक्का माझी थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. आमच्या घरात धाकट्या भावाला कानडीतलं तमा म्हणायची पद्धत, ती मला तमाच म्हणायची. मुखेडला माझी दप्तरं जुन्या धोतराची तीच शिवून द्यायची. स्वतः सातवी पास होऊन थांबली होती. तिला दिलेलं गाव लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत, चार मैलांवर. नव्या वाटणीत ते लातूर जिल्ह्यात आलं. गावाला पायऱ्यांची एकच मोठी विहीर. त्या वर्षी पाणी इतकं खाली गेलं की बायका शेवटच्या पायरीवर बसून खडकातल्या खळग्यातलं पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. एक घागर भरायला तास जायचा, आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन त्या पायऱ्या चढायच्या.

संक्रांतीला मी तिच्याकडं गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं. दाजींसमोर आणि चार शेजाऱ्यांसमोर मी ऐटीत सांगितलं की काळजी करू नका, जिल्ह्याचे सगळे टँकर माझ्या टेबलावरून जातात. अक्का तेव्हा भाकरी थापत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "मग येक आमच्या गावाकडं बी लाव." सगळे हसले. मी शब्द दिला. तलाठ्याकडून मागणीचा कागद तालुक्याला जाऊ द्या, तिथून माझ्याकडं आला की टँकर आलाच समजा, असं मी सांगितलं. चुलीसमोर बसून दिलेला शब्द होता, विसरण्याजोगा नव्हता.

ज्या शुक्रवारचं सांगायचं आहे त्या शुक्रवारी कंडक्टरनं माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या. एक शर्यतीचं पुस्तक. दुसरी अक्काची चिठ्ठी; फाट्यावर उभं राहून तिनं ती गाडीत दिली होती. मी पुस्तक आधी उघडलं. त्यात मैसूरच्या म्हाताऱ्याचा घोडा होता, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच, आणि भाव असा की त्याला कुणी विचारत नव्हतं. माझ्या वहीत मागच्या सगळ्या हंगामांवरून दिसत होतं की हा एकच ट्रेनर असा आहे, जो विश्रांतीनंतर पहिल्याच खेपेला घोडा पूर्ण तयार करून आणतो. ते पान मी पुन्हा एकदा ताडून बघितलं. मग मी चिठ्ठी उघडली.

ती मी वाचली. खोटं कशाला बोलू. चारच ओळी होत्या. तलाठ्यानं कागद तालुक्याला दिला असं तो म्हणतो, तुझ्यापर्यंत आला का बघ. नसंल आला तर विचार. विहिरीच्या खालच्या दोन पायऱ्या सुटल्या हायत. तब्येतीला जप. मी मनाशी म्हटलं, दुपारी तालुक्याचे कागद उघडतो तेव्हा बघू. आणि चिठ्ठी वहीत मैसूरच्या म्हाताऱ्याच्या पानावर खूण म्हणून ठेवली, कारण ते पान मला सारखं लागणार होतं.

गोषवारा त्याच दिवशी संध्याकाळी वर जायचा होता. दुपारी तालुक्याचं टपाल उघडलं. अक्काच्या तालुक्यातल्या चार महसूल मंडळांचे कागद होते, पाचव्याचा नव्हता. पाचव्या मंडळात अकरा गावं, आणि त्यांत अक्काचं गाव. मी अव्वल कारकुनाला सांगितलं की एका मंडळाचा कागद आलेला नाही. तो पान जमवत म्हणाला, मग निरंक टाक. ही आमच्या ऑफिसची रीतच होती, आणि मी तोवर कितीतरी वेळा तसंच केलं होतं. कागद आला नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे टंचाई नाही, म्हणून निरंक. तक्त्यात कोरी जागा ठेवली तर वरचे साहेब तक्ता परत पाठवायचे. निरंक लिहिलेला तक्ता कधीच परत येत नसे.

मालकाच्या आडतीत फोन होता. तालुक्याला ट्रंक कॉल लावायचा तर तासभर बसून राहावं लागे, पण लागायचा. मी घड्याळाकडं बघितलं. तीन वाजत होते. चारला गाडी, आणि माझे अजून दोन शर्यतींतले ट्रेनर बघायचे राहिले होते. मी पहिल्या गावासमोर निरंक लिहिलं आणि खालच्या दहा गावांना सरसकट वरीलप्रमाणेच्या खुणा केल्या. अक्काचं गाव सातवं होतं. त्याच्यासमोर निरंक हा शब्दसुद्धा मी पुरता लिहिला नाही, दोन टिंबं दिली. हात थबकला असेल असं कुणाला वाटेल. नाही थबकला. मला माहीत होतं ते गाव कुठल्या मंडळात आहे. आठवलं नाही एवढंच. ज्याला आठवायचं नसतं त्याला आठवत नाही.

चारच्या गाडीनं निवड गेली. ती गाडी अंधार पडायच्या सुमाराला अक्काच्या फाट्यावर थांबते.

सोमवारी नांदेडहून निरोप आला की मैसूरच्या म्हाताऱ्याचा घोडा पहिला आला. आमच्या गोदामात असा जल्लोष जिल्हा झाला त्या दिवशीही झाला नसेल. अव्वल कारकुनानं पेढे मागवले आणि मला म्हणाला, "मियां, मानलं तुमाला. पाल झूठ, वही खरी." मला तेवढंच पाहिजे होतं. मी टेबलाला टेकून पुन्हा एकदा व्याख्यान दिलं. शून्य आणि रिकामं यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं आकड्यांना हात लावू नये, असं मी म्हणालो. बाहेर पोत्यांवर बसलेला मालक ऐकत होता. त्यानं आत डोकं घालून विचारलं, "मग औंदा पाऊस हरला म्हणायचा, का पळालाच न्हाई म्हणायचा?" सगळे हसले. मी हसलो नाही. अडाण्यांनी माझ्या शास्त्राची चेष्टा करावी हे मला आवडायचं नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या गोषवाऱ्यावरून टँकर सुटले. पाचव्या मंडळात एकही गेला नाही. मला त्याची खबर नव्हती, कारण टँकर सुटले की आमचं काम संपायचं, आणि ते पोचले का हे बघायचं काम दुसऱ्या ऑफिसचं होतं.

त्यानंतर आणखी आठ दिवसांनी जुन्या जिल्ह्याहून कागदांचा एक गठ्ठा आला. चुकून इकडं आलेले कागद, असं वर लिहिलेलं. तालुक्यातल्या कुणा जावक कारकुनानं वर्षानुवर्षांच्या सवयीनं पाकिटावर जुन्या जिल्ह्याचा पत्ता घातला होता. तो कारकून किती मूर्ख, नवा जिल्हा झालेला त्याला अजून कळू नये, असं मी अगदी तोंडभर म्हणालो. मग कागद उलगडला. पाचवं मंडळ. अकरापैकी नऊ गावांना टँकर तातडीनं पाहिजे. अक्काच्या गावापुढं तलाठ्यानं लिहिलं होतं: विहीर कोरडी, पायऱ्या धोक्याच्या. तारीख बघितली तर कागद आमच्या गोषवाऱ्याच्या चार दिवस आधी तालुक्याहून निघालेला होता. मी फोन लावून नुसतं विचारलं असतं तरी त्याची नक्कल तिथून कुणीही वाचून दाखवली असती.

मी त्याच दिवशी पुरवणी तक्ता केला, स्वतः हातानं वर नेऊन दिला. टँकर आणखी आठवड्यानं गेला. वरातीमागून घोडं. त्याआधीच अक्का लातूरला आली.

सकाळची अकराची वेळ होती. ती दारात उभी राहिली तेव्हा मालक पोत्यांवरून उठून बाजूला झाला. तिचा उजवा हात गळ्यात होता, कोपरापासून बोटांपर्यंत पांढरं प्लास्टर. खालची पायरी पायाखालून सरकली, घागर वाचवायला गेले आणि हात खडकावर आला, असं तिनं सांगितलं. आधी गावातल्या एकानं बांबूच्या कांबी बांधल्या होत्या, त्यानं सूज वाढली, म्हणून दाजी तिला लातूरच्या दवाखान्यात घेऊन आले होते. ते औषधं आणायला गेले होते. हाड उशिरा बसवलं म्हणून हात पुढंही सरळ झाला नाही. आजही ती भाकरी डाव्या हातानं थापते आणि ती कडेला जाड राहते. पण ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा ती फक्त दमलेली होती आणि खुर्ची मागत नव्हती.

मी खुर्ची दिली. हात कसा झाला ते मी दोनदा विचारलं, कारण दुसरं काही विचारायची हिंमत नव्हती. ती टँकरचं काही बोलेना. मला वाटलं, बोलणारही नाही. तेवढ्यात अव्वल कारकुनाला पाहुणचाराचं सुचलं. त्यानं चहा सांगितला आणि तिला म्हणाला की बाई, तुमचा भाऊ म्हणजे हिरा आहे, आम्ही इतकी वर्षं आंधळे होतो, यानं डोळे उघडले. आणि माझी वही काढून त्यानं तिच्यासमोर टेबलावर ठेवली. मी अडवू शकलो असतो. पण माझं कौतुक चाललं होतं, आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला ते गोड लागलं.

वही खुणेवरच उघडली. खूण म्हणजे तिची चिठ्ठी. अक्कानं ती डाव्या हातानं उचलली, बघितली, पुन्हा तिथंच ठेवली. मग ती ते पान वाचायला लागली. सातवी पास बाई, एकेक रकाना बोट ठेवून वाचायची तिची सवय. मधल्या रेघेवर तिचं बोट थांबलं. ही रेघ कशाची, असं तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत अव्वल कारकुनानं हौसेनं सांगून टाकलं, माझं व्याख्यान त्याला पाठ झालं होतं. घोडा पळालाच नाही तर तो हरला असं धरत नाहीत, बाई. तिथं शून्य टाकणं म्हणजे खोटं लिहिणं. म्हणून रेघ.

अक्कानं मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "आमच्या गावाचा कागद दाव."

गोषवाऱ्याची स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात ठेवायची नक्कल, माझ्याच खणात होती. सापडत नाही असं म्हणता आलं असतं. मी काढून दिली. तिनं पाचवं मंडळ शोधलं, बोट वरून खाली नेलं, सातव्या ओळीला थांबली. तिथली दोन टिंबं बघितली. मग बोट पुन्हा वर नेऊन पहिल्या ओळीतला शब्द वाचला.

"निरंक म्हंजी?"

मी म्हणालो, तिथं टंचाई नाही असा त्याचा अर्थ.

"कुणी सांगितलं तुला?"

कुणी सांगितलं नाही, कागद आला नव्हता, असं मी म्हणालो. कागद आला नाही की तसं लिहायची रीत आहे, हेही म्हणणार होतो. अव्वल कारकून चहा अजून का आला नाही ते बघायला उठून बाहेर गेला. इतके महिने मी त्याला मूर्ख म्हणत आलो, पण कुठून उठून जावं एवढं त्याला कळत होतं.

अक्कानं डाव्या हातानं दोन्ही कागद शेजारी शेजारी सरकवले. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "घोडा पळाला न्हाई, तर त्याला रेघ वढलीस. आमचा कागद आला न्हाई, तर आमाला पानी हाय म्हणून लिव्हलंस."

चहा आला. तिनं डाव्या हातानं कपबशी उचलायचा प्रयत्न केला, बशीत सांडला, म्हणून ठेवून दिला. बाहेरून दाजींची हाक आली. ती उठली, पदर सारखा केला, आणि वहीतली ती चार ओळींची चिठ्ठी उचलली.

"तुझी वाचून झाली असंल तर ही मी नेते," ती म्हणाली.

मी "हाव, ने" म्हणालो. तिनं ती घडी करून प्लास्टरच्या आणि झोळीच्या मधे खोचली, आणि फाट्यावरून जाणारी मुखेडची गाडी किती वाजता आहे ते दारातल्या मालकाला विचारलं. मला नाही विचारलं.